राखेतले वाल

गेल्या शनिवारी सकाळी मी गॅरेजमध्ये बाथरूमचा एक जुना पडदा शोधत होते. इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूत सप्टेंबर संपत आला की एक दिवस आभाळ खाली येऊन बसतं, ते एप्रिलपर्यंत उठायचं नाव घेत नाही. तो दिवस आला होता. छपरावरच्या शेवाळातून पाणी ठिबकत होतं, पन्हळी तुंबल्या होत्या, आणि मागच्या कुंपणावर वालाचा वेल फुलांसकट भिजत उभा होता. त्याच्यावर पडदा घालायला हवा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पडदा काही मिळेना. हाताला लागला तो कॉफीचा रिकामा डबा.

रिकामा कसला म्हणा. झाकण उघडलं तर थंड राखेचा वास आला, कोरडा, नाकाला जरा झोंबणारा. आत राख होती आणि राखेत वीस काळे वाल. ते मीच तीन आठवड्यांपूर्वी ठेवले होते. ते माईंचे नव्हते. माईंचे वाल मी आठ वर्षांपूर्वी खाऊन टाकले होते, आणि ही गोष्ट या घरात माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर लागोपाठ दहा वर्षं त्या दर एप्रिलमध्ये आमच्याकडे यायच्या आणि ऑक्टोबरात परत जायच्या. मी आणि नवरा श्रीकांत ऑफिसात, लेक इरा शाळेत, आणि माई मागच्या अंगणात. उभा जन्म ठाण्याला दोन खोल्यांत गेलेला, गॅलरीत एक तुळस आणि एक कोरफड. हातभर जमीन पहिल्यांदा वाट्याला आली ती सत्तरीला टेकल्यावर, आणि तीही कुठे, तर बेलव्ह्यूत! पहिल्या सकाळी त्या अनवाणीच बाहेर गेल्या, मूठभर माती उचलून हुंगली आणि मला म्हणाल्या, "ही कायम अशी ओलीच असते का ग?"

"हो माई. कायम."

"मग हिला सर्दी होत नाही?"

दुसऱ्या वर्षी येताना त्यांनी वाल आणले. कसे आणले ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पदराच्या गाठीला त्या दिवशी जरा जास्त पीळ होता खरा. त्यांच्या माहेरी, रोह्याजवळच्या एका खेड्यात, न्हाणीच्या मागे कुडावर हा वेल असायचा. काळाभोर दाणा, एका अंगाला पांढरी रेघ, फूल जांभळं. थंडीत त्याचं बिरडं व्हायचं. माई सतराव्या वर्षी लग्न होऊन ठाण्याला आल्या, आणि त्यानंतर त्यांच्या ताटात पडले ते वाण्याकडचे वाल. "ते वाल नव्हेत ग," त्या म्हणायच्या, "ते वालांचे फोटो आहेत." माहेरी त्या जायच्या मे महिन्यात, तेव्हा वालांचा हंगाम संपलेला. वहिनी दरवेळी बी बांधून द्यायची आणि माई ते ठाण्याला आणून डब्यात ठेवायच्या. लावणार कुठे? पन्नासएक वर्षं त्या बिरड्याची चव नुसती आठवून काढली या बाईनं.

आमच्याकडे मग त्यांनी मांड ठोकली. एप्रिलमध्ये दह्याच्या रिकाम्या डब्यांत रोपं व्हायची, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत मला भांडी पुसून ठेवायला जागा उरायची नाही. जूनमध्ये रोपं कुंपणाशी जायची आणि गोगलगायींशी युद्ध सुरू व्हायचं. इथल्या गोगलगायींना शंख नसतो, नुसत्या चिकट, बोटभर लांब, आणि खादाड तर इतक्या की सकाळी बघावं तर रोपाच्या जागी काडी. श्रीकांत म्हणाला, औषध टाकू. माई म्हणाल्या, पाप. त्या रोज सकाळी चिमट्यानं एकेक उचलून बादलीत घालायच्या आणि बादली कुंपणापलीकडे, शेजारणीकडे रिकामी करायच्या.

"अगं आई, ती कॅरलची बाग आहे!" श्रीकांत ओरडायचा.

"तिच्याकडे खायला पुष्कळ आहे," माई म्हणायच्या.

वेल जुलैत कुंपणभर व्हायचा. पानंच पानं. मी पहिल्या वर्षी वैतागले, म्हटलं माई, हा नुसता माजलाय, फूल एक नाही. तेव्हा त्यांनी मला बसवून सांगितलं. वाल दिवस बघून फुलतो. दिवस आखूड झाल्याशिवाय तो फूल धरत नाही. रोह्याला ठीक आहे, तिकडे दिवस आखूड होतात तेव्हा पाऊस संपलेला असतो, भात कापलेलं असतं, ऊन सोनेरी असतं. इथे मात्र वेलाला फूल येतं आणि त्याच आठवड्यात पाऊस येतो. दरसाल. खोड म्हणावी तर वेलाची नाही आणि पावसाचीही नाही, दोघंही आपापल्या वेळेवर येतात.

तो एक पंधरवडा माझ्या अजून अंगात आहे. सकाळी दार उघडलं की वाफ्यांमधल्या सीडरच्या लाकडाच्या भुशाचा ओला वास यायचा. कोळ्यांची जाळी इकडे फार, सप्टेंबरात अंगणात पाऊल टाकावं तर तोंडावर जाळं, आणि माई आधी एक काठी पुढे धरून चालायच्या, आंधळ्यासारख्या. पलीकडच्या वाटेवर काटेरी झुडपांवर ब्लॅकबेरी सडायला लागलेल्या, त्यांचा आंबूस वास. टोमॅटो पिकायचं विसरून गेलेले. ते हिरवेच तोडून आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळायचो, अर्ध्यांची चटणी, आणि चटणी करताना बोटांना टोमॅटोच्या पानांचा तो हिरवा, कडवट वास दिवसभर. संध्याकाळी सहालाच दिवा लावायची इच्छा व्हायची. आणि कुंपणावर जांभळे तुरे, भिजलेले, मान टाकलेले.

मग माई पडदा काढायच्या. इराच्या लहानपणीचा बाथरूमचा पडदा, प्लॅस्टिकचा, त्यावर पिवळी बदकं. चार बांबू, माझ्या दोन जुन्या साड्यांच्या पट्ट्या आणि बदकांचा पडदा. पावसात छत्री धरून त्या वेलाला कपडे घालायच्या. शेजारपाजारचे कुत्रं फिरवताना थांबून बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं तेव्हा. आणि आता त्याच पडद्यासाठी मी सगळं गॅरेज उपसत होते, बघा.

शेंगा पुरत्या वाळायच्या आतच माईंची जायची वेळ जवळ यायची. मग त्या वेल मुळाशी कापून, गुंडाळून, गॅरेजमध्ये गरम पाण्याच्या टाकीशेजारी टांगायच्या. त्या निघायच्या आत शेंगा तिथे वाळायच्या. कुठल्या वर्षी ओंजळभर दाणे, कुठल्या वर्षी जेमतेम मूठभर. ते राखेत ठेवायचे, कीड लागू नये म्हणून. राख कॅरलकडून यायची. कॅरल आमची शेजारीण, निवृत्त नर्स, तिच्या मागच्या अंगणात शेकोटीचा खड्डा होता. माईंना इंग्रजी येत नव्हतं आणि कॅरलला मराठी. पण "कॅरल, ॲश!" अशी हाक गेली की "येस, माई!" म्हणत ती बादली घेऊन यायची. माझ्या पिठाच्या चाळणीतून राख चाळली जायची. माझ्या! नवी कोरी होती.

"माई, बिरडं कधी करायचं?" मी दरवर्षी विचारायचे.

"बी खायचं नसतं ग. एकदा भरपूर येऊ दे, मग चार माणसं बोलावू, पाटावर बसवू, आणि करू. पुढच्या वर्षी."

नऊ वर्षं आम्ही पुढच्या वर्षी म्हणत होतो.

मग ते धुराचं वर्ष आलं. डोंगरांपलीकडे जंगलं पेटली होती आणि सप्टेंबरभर बेलव्ह्यूवर पिवळा धूर साचला होता. सूर्य कुंकवासारखा लाल, डोळ्यांना सरळ बघता यावा असा. खिडक्या लावून घ्या, बाहेर पडू नका, अशा सूचना यायच्या फोनवर. पाऊस आलाच नाही. लोक घरात कोंडलेले आणि माझ्या सासूबाई नाकाला पदर बांधून वेलाजवळ. कारण वेल वेड्यासारखा धरला होता. शेंगा वेलावरच वाळल्या, खुळखुळायला लागल्या. त्या ऑक्टोबरात माईंनी कॉफीचा मोठा डबा काठोकाठ भरला. थर दाण्यांचा, थर राखेचा. त्यांचा चेहरा त्या दिवशी एखाद्या नव्या नवरीसारखा दिसत होता, आणि हे मी उगाच म्हणत नाही.

विमानतळावर निघायच्या आधी, पायात बूट घालताना त्यांनी मला सांगितलं. "डबा गॅरेजमध्ये आहे ग, टाकीच्या वरच्या फळीवर. राखेत आहे सगळं. पुढच्या वर्षी मी आले की थोडं लावू आणि उरलेल्याचं बिरडं. या वेळी नक्की." माझ्या कानात हेडसेट होता. ऑफिसचा कॉल चालू होता, मी म्यूटवर होते. मी मान हलवली, म्हटलं हो हो माई, सांभाळून जा. त्यातलं एक अक्षर माझ्या कानांत शिरलं नव्हतं. त्यांनी काय सांगितलं ते मला पुढे मार्चमध्ये कळलं.

त्या फेब्रुवारीत बर्फ पडला. इथे पडत नाही तसा, पडला तर एक दिवस, पण त्या वर्षी आठवडाभर. टेकडीवरचे रस्ते बंद, दुकानांत भाजी नाही, दूध नाही. श्रीकांत कामासाठी शिकागोला गेलेला, तिकडेच अडकला. इरा कॉलेजात. मी एकटी. घरात काय आहे म्हणून शोधत गॅरेजमध्ये गेले तर फळीवर हा डबा. उघडला, राख. मला वाटलं, बी तर माई बरोबर घेऊन गेल्या असतील, हे त्यांनी दुकानातले वाल राखेत घालून ठेवलेत. त्यांची सवयच ती. डाळ, कडधान्य, काहीही असलं की आधी राख. मागे एकदा माझी चवळीसुद्धा राखेत घातली होती त्यांनी. मी डबा आत नेला आणि होते तेवढे सगळे वाल नळाखाली धरले.

पाणी जांभळट झालं. हे मला स्पष्ट आठवतं. करड्या राखेखालून काळा, चमकदार दाणा निघाला, पांढऱ्या रेघेचा, आणि मी म्हटलं, वा, काय सुंदर वाल आहेत, कुठून आणले असतील माईंनी! त्यांचं बी मी इतक्या वर्षांत कधी हातात घेऊन पाहिलंच नव्हतं. नोकरीभर मी सॉफ्टवेअरचं टेस्टिंग केलं. दुसऱ्यांच्या चुका पकडण्यात माझी हयात गेली. माझी स्वतःची चूक नळाखाली हातात लखलखत होती आणि मी तिला सुंदर म्हटलं.

भिजवले, फडक्यात बांधले, टाकीशेजारच्या उबेला ठेवले. दोन दिवसांत मोड आले. मग मी सुजाताला फोन केला. सुजाता आणि तिचा नवरा मिलिंद, आमच्याच रस्त्यावर राहतात, नागपूरचे. "बिरडं? म्हणजे काय असते ते?" सुजाता म्हणाली. मी म्हटलं, ये आणि सोल, मग कळेल. दोघं गुडघाभर बर्फातून चालत आली. कॅरलच्या घरी वीज गेली होती, तिलाही बोलावलं. कोमट पाण्याची परात मध्ये घेऊन आम्ही चौघं जमिनीवर बसलो आणि वाल सोलले. चिमटीत धरून दाबला की दाणा सालातून टुणकन उडतो. कॅरलचा एक दाणा मिलिंदच्या चष्म्यावर जाऊन आपटला. ती इतकी हसली की तिला पाणी प्यायला द्यावं लागलं. काही दाणे भिजलेच नव्हते, दगडासारखे राहिले होते. गणंग म्हणतो आम्ही त्यांना. सुजातानं ते मूठभर गणंग मागचं दार उघडून बर्फात फेकून दिले.

हिंग, मोहरी, फ्रीझरमधलं खोबरं, गूळ, आमसूल. बाहेर पांढरं आणि शांत, आत काचा वाफेनं धुरकटलेल्या, आणि घरभर तो वास. पातेलं पुसून खाल्लं आम्ही. कॅरल तिसऱ्यांदा घेताना म्हणाली, "माई शुड बी हियर." मी म्हटलं, "आय नो." खोटं कशाला बोलू, तीस वर्षांत या घरात मी इतकी सुखात जेवले नव्हते. आजही तो दिवस आठवला की आधी ते सुखच येतं. लाज त्याच्यामागून येते.

मार्चमध्ये माई ठाण्याला बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, त्या सावरल्या, पण डॉक्टर म्हणाले, आता विमान विसरा. आठवड्यानं त्यांनी मला फोन केला. आवाज बारीक. "मी नाही येऊ शकत ग. या वर्षी तू लाव. टाकीच्या वरच्या फळीवर, राखेतले माझे वाल. दहा लाव, बाकी ठेव."

मी ओट्याला धरून उभी होते. सगळा शिमगा डोळ्यांसमोर उभा राहिला. राख, जांभळं पाणी, मिलिंदचा चष्मा. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण त्या ऑपरेशनमधून उठलेल्या, त्यांचा आवाज तो असा, आणि मी म्हटलं, "हो माई. लावते."

फोन ठेवला आणि मागच्या दारी पळाले. सुजातानं गणंग फेकले होते तिथे गुडघ्यांवर बसून चिखल उकरला. तासभर. एक दाणा मिळावा, एकच. मिळाल्या त्या गोगलगायी. चिमट्यानं उचलणाऱ्या माईंवर त्यांनी असा सूड उगवला म्हणा.

मग मी इंडियन स्टोअरमधून वालाचं पाकीट आणलं आणि कुंपणाशी लावलं. म्हटलं एवढं वर्ष निभावून नेऊ, पुढे बघू. पुढे आठ वर्षं गेली. वाल उगवला, माजला, सप्टेंबरात फुलला. फुलं पांढरी. दर शनिवारी सकाळी माईंचा फोन, त्यांच्याकडे दिवेलागण झालेली. वालाला फूल आलं का ग? आलं माई. पाऊस लागला का? लागला. पडदा घातलास? घातला. वेल दाखव की. आत्ता नको माई, बाहेर फार ओलं आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं झालं होतं, सप्टेंबर आला की मी फोनवर बसायची जागासुद्धा बदलायचे, खिडकीकडे पाठ करून. एका वर्षी इरा आली होती, तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि, "माई, लुक, इट्स सो प्रिटी!" म्हणत सरळ वेलावर कॅमेरा धरला.

"फुलं पांढरी का दिसतायत?" माईंनी विचारलं.

"उजेडामुळे माई," मी मागून म्हटलं. "आभाळ आहे ना."

"असेल," त्या म्हणाल्या.

या ऑगस्टमध्ये त्यांनी श्रीकांतला सांगितलं. माहेरची वहिनी गेली. न्हाणी पाडून भाच्यानं तिथे फरशी घातली. वेल गेला. त्यांनी गावात चार घरी विचारून पाहिलं, कुणाकडे तो काळा वाल नाही. "आता तुमच्याकडचंच बी उरलंय रे. नोव्हेंबरात येशील तेव्हा मूठभर आण. वसुधाच्या गॅलरीत लावीन." वसुधा माझी नणंद, माई तिच्याकडे असतात. "एकदा त्याचं बिरडं खाईन आणि मग खुशाल जाईन."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ आठ वर्षं झाकलेली होती आणि आत काहीच नव्हतं.

तेव्हा मी काय केलं ते सांगते. बियाण्यांच्या एका कॅटलॉगमध्ये मला एक वेल दिसला. जांभळी फुलं. बी काळं, एका अंगाला पांढरी रेघ. हुबेहूब. मी मागवलं. पाकीट आलं, दाणे तळहातावर घेतले, आणि हे माईंचे नव्हेत, हे माझं मलाच ओळखू येईना. माईंच्याच डब्यात, तळाशी उरलेल्या त्यांच्याच राखेत ते घोळवून ठेवले. झोप लागली त्या दिवशी मला. निर्लज्जासारखी गाढ.

आणि गेल्या शनिवारी पडदा शोधताना डब्यामागे ते रिकामं पाकीट सापडलं. चष्मा डोळ्यांवर होता म्हणून मागची बाजू वाचली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, फक्त शोभेसाठी, दाणे खाऊ नयेत, अपाय होऊ शकतो.

एकोणनव्वद वर्षांची बाई. कुंडीत लावेल, रोज पाणी घालेल, शेंगा वाळवेल, सोलेल, आणि मोठ्या समाधानानं खाईल. मी दिलेलं म्हणून खाईल.

तेवढ्यात श्रीकांत फोन हातात धरून गॅरेजमध्ये आला. माईंचाच व्हिडिओ कॉल. "अगं, इथे आहेस होय. आई वालांचं विचारतेय." आणि माझ्या हातातला डबा बघून त्याचा चेहरा उजळला. मी काही म्हणायच्या आत त्यानं डबा घेतला, राखेतून चार दाणे वर काढले, फुंकर मारली आणि कॅमेऱ्यासमोर धरले. "हे बघ आई! सापडले!"

माई फोन नेहमी इतका जवळ धरतात की नुसतं कपाळ दिसतं. त्या कपाळाखालून आवाज आला, "हेच. हेच ते. वसुधा, ये ग, बघ, पांढरी रेघ बघ." आणि मग त्या रडायलाच लागल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हासुद्धा.

"माई," मी म्हटलं, "ते तुमचे नाहीत."

आणि सांगून टाकलं. हेडसेट, बर्फ, नळाखालचं पाणी, दुकानातले वाल, उजेडामुळे पांढरी, कॅटलॉग. काही शिल्लक ठेवलं नाही. छपरावर पाऊस वाजत होता, श्रीकांतच्या तळहातावर चार दाणे तसेच होते. मग माईंचा फोन कलला, पंखा दिसला, छत दिसलं, आणि कॉल बंद झाला.

"आठ वर्षं?" श्रीकांत म्हणाला. "मलासुद्धा नाही सांगितलंस?"

"तू लगेच आईला सांगितलं असतंस."

"ऑफ कोर्स सांगितलं असतं!" तो म्हणाला आणि आत गेला. त्यानंतर तो माझ्याशी घरातल्या कामापुरतंच बोलत होता.

रविवार गेला, सोमवार गेला. वसुधाचा फक्त एक मेसेज, आई ठीक आहे, बोलत नाही, जेवते. मी टोमॅटो उतरवले, हिरवेच. बोटांना तो वास लागला. ते वीस दाणे पुन्हा पाकिटात घालून चिकटपट्टी लावली आणि कचऱ्यात टाकले. पडदा सापडला, बागेच्या अवजारांखाली, बदकांचा पिवळा रंग उडालेला. भर पावसात छत्री न धरता तो वेलावर बांधला. त्या पांढऱ्या फुलांचा तरी काय दोष?

आज मंगळवार. सकाळी फोन वाजला. व्हिडिओ नव्हता, साधाच कॉल.

"पाऊस आहे का?" माईंचा आवाज.

"आहे."

"पडदा?"

"घातला, माई."

"हं." मग म्हणाल्या, "फुलं पांढरी दिसली ना त्या वर्षी, तेव्हा मनात आलं होतं माझ्या. मग म्हटलं, छे, माझेच डोळे गेले असतील. दुसऱ्या दिवशी वसुधाला घेऊन डोळे तपासून आले मी."

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"कोण कोण होतं जेवायला?" त्यांनी विचारलं.

"सुजाता, मिलिंद आणि कॅरल."

"कॅरल पण? सोलता आले का तिला?"

"आले. एक उडवला तिनं."

"खोबरं ओलं होतं?"

"फ्रीझरमधलं."

"गूळ घातलास? आमसूल?"

"दोन्ही."

माझ्या खिडकीवर पाणी ओघळत होतं. मग त्यांनी अगदी हळू, लाजल्यासारखं विचारलं, "चव कशी होती ग?"

इथेही खोटं बोलता आलं असतं. काही खास नव्हती माई, दुकानातल्यासारखीच होती, असं म्हटलं असतं तर त्यांचं दुःख थोडं कमी झालं असतं कदाचित. पण माझ्यातलं खोटं संपलं होतं.

"माई, तसं बिरडं मी पुन्हा कधी खाल्लं नाही. आधी गोड लागतं. गिळताना मात्र, अगदी घशाशी, किंचित कडू."

"घशाशी," त्या म्हणाल्या. "हो, घशाशीच. मला वाटायचं मी विसरले." मी त्यांना गिळताना ऐकलं, खरंच गिळताना, तोंडात काही नसताना.

"तुमच्याकडे तो एवढा मोठा फ्रीझर आहे ग," माई म्हणाल्या. "एक वाटी ठेवायचीस माझ्यासाठी."